एस्तेरअक्कांचा शनिवार

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या गल्लीत वेगळीच लगबग सुरू व्हायची. भाजीवाला हिरालाल आपली हातगाडी आमच्या कोपऱ्यावर जरा जास्तच वेळ उभी करायचा. रिक्षावाला युसूफ सीट झटकून ठेवायचा. आणि आमच्या घरात आमचे हे शनिवारी दुपारी बाहेर पडायला काहीतरी निमित्त शोधू लागायचे. कारण त्या शनिवारी एस्तेरअक्का क्षमा मागायला निघायच्या.

एस्तेरअक्का आमच्या शेजारीण. मधे एक कमरेएवढी भिंत, तिच्यावर त्यांच्या बाजूने तुळस आणि आमच्या बाजूने वाळत घातलेले पापड. तुळस कशी काय, असं मी एकदा विचारलं होतं. "खोकल्याला लागते. तुझ्या देवाची असली तरी माझ्या घशाला चालते," असं उत्तर मिळालं. अक्का एका दवाखान्यात मेट्रन होत्या आणि निवृत्त झाल्यावरही ते पद त्यांनी सोडलं नव्हतं. फक्त दवाखान्याच्या जागी गल्ली आली होती. उंच बांधा, खळ घातलेली पांढरी सुती साडी, ताठ मान. लग्न केलं नाही. "मला हुकूम सोडायची सवय. नवऱ्याची दया आली म्हणून राहिले," असं सांगायच्या.

त्यांच्या दाराशी एक नळ होता आणि नळाला जुन्या पायमोज्यात घातलेला साबण लटकलेला असायचा. घरात पाऊल टाकणाऱ्याने आधी तिथे हात धुवायचे. पोस्टमन असो, त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब असोत की नगरसेवक असो. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती माहेरची, रावेरची केळी घेऊन. पिकलेली, सोनेरी, आबांनी बागेतून खास निवडून पाठवलेली. अक्कांनी फणीकडे बघितलंसुद्धा नाही.

"हात धुतलेस?"

"घरून धुऊनच निघाले, अक्का."

"घर ते घर मधे फाटक आहे. फाटकाला गल्लीने हात लावलेले असतात. धू."

मी धुतले. मनात म्हटलं, ह्या बाईशी माझं काही जमायचं नाही. आणि पुढची सगळी वर्षं माझी सकाळ त्यांच्याशी भिंतीपाशी गप्पा मारल्याशिवाय सुरू झाली नाही.

आता शनिवाराचं सांगते. अक्कांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. येशूने सांगितलंय की देवापुढे जाण्याआधी ज्याच्याशी बिघडलंय त्याच्याशी समेट कर, मग ये. बाकीची माणसं हे ऐकतात, मान डोलावतात आणि भाकर घेतात. अक्का मात्र पक्क्या नर्स, लिहून दिलेलं औषध त्या दिल्याशिवाय राहायच्या नाहीत. महिनाभरात ज्याच्या ज्याच्याशी भांडण झालं, त्याच्या त्याच्या दारात शनिवारी जाऊन उभं राहायचं. आणि अक्कांचा स्वभाव पाहता महिनाभरात भांडणांचा दुष्काळ कधीच पडायचा नाही.

"मी जन्मानेच ताठ आहे," त्या सांगायच्या. "देवाने मान दिली आणि ती वाकवायचं काम माझ्यावर सोपवलं. करते आपलं."

क्षमा मागायचीही त्यांची एक रीत होती. बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. उभ्यानेच म्हणायचं, "मी तुमच्याशी उर्मटपणे बोलले. मला क्षमा करा." मग उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभं. आपल्याकडे कोणी असं काही बोललं तर माणूस शरमून "अहो, जाऊ द्या हो," म्हणतो. अक्कांना ते चालायचं नाही.

"जाऊ द्या नको. क्षमा केली म्हणा."

आमच्या ह्यांनी एकदा स्कूटर त्यांच्या फाटकासमोर लावली होती. त्यावरून अक्कांनी ह्यांचा भर गल्लीत पाणउतारा केला. शनिवारी त्या दारात हजर. वयाने आईएवढी बाई पुढ्यात उभी राहिल्यावर हे पार घामाघूम झाले. "अहो अक्का, चूक माझीच होती, स्कूटर मीच लावली होती," म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी माझ्या वाट्याचं मागतेय."

"बरं, केली."

"काय केली?"

"क्षमा केली," हे कसेबसे म्हणाले आणि अक्का समाधानाने पुढच्या घराकडे वळल्या. तेव्हापासून ह्यांनी शनिवारची धास्तीच घेतली.

हिरालालचं उलट होतं. क्षमा झाली की अक्का त्याच्याजवळ घरचं लिंबाचं लोणचं ठेवून यायच्या, कारण कोरडी क्षमा त्यांना आवडत नसे. त्या लोणच्यासाठी हा लबाड माणूस महिनाअखेरीला मुद्दाम भांडण काढायचा. भरताच्या वांग्यांत एखादं किडकं सरकवायचं आणि "अक्का, तुम्हाले आते दिसत नही," असं वर म्हणायचं. एवढं पुरायचं. मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. पण चिडते मी खरीच ना? मग मागायलाही खरीच हवी."

मी त्यांच्यावर मनापासून प्रेम करायचे, पण एक कबूल करते, मला त्या सगळ्याचं हसूही यायचं. आमच्याकडे भांडण झालं की ते मुरत ठेवायची रीत. आमच्या दोन काका लोकांनी केळीच्या बांधावरून धरलेला अबोला तिसऱ्या पिढीला वारशाने मिळालाय. त्यापुढे अक्कांचा हा रोकडा व्यवहार मला फार स्वच्छ वाटायचा. त्यांनाही तो स्वच्छ वाटायचा. त्यांच्या बोलण्यात ते जाणवायचं. "एस्तेर कधी कुणाची बाकी ठेवत नाही," असं त्या म्हणायच्या तेव्हा मान आणखी थोडी ताठ व्हायची. कुणी "देव बघेल" म्हटलं की त्यांना राग यायचा. "देव बघेल म्हणून तुम्ही झोपा. मला त्याने हातपाय दिलेत."

मग त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं.

अक्कांचं मूळ गाव शिंदखेडा. भाचा तिथेच राहायचा आणि अक्कांनीच त्याला शिकवून मोठं केलं होतं. आम्हीही दोन दिवस आधी गेलो. लग्नाच्या आदल्या दिवशी खापरावरचे मांडे करायचे ठरले होते आणि त्यासाठी धुरपाबाईंना बोलावलं होतं. आपल्या खान्देशात मांड्यांशिवाय पंगतीला पंगत म्हणत नाहीत, आणि त्या भागात धुरपाबाईंशिवाय मांड्यांना मांडे म्हणत नसत. लहानसर चणीची, काळीसावळी, फार न बोलणारी बाई. मागच्या अंगणात चुलीवर खापर पालथं घातलेलं. धुरपाबाई पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत मोठा करत होत्या. पोळी मनगटावरून कोपरापर्यंत उतरत होती आणि तिच्या आरपार उजेड दिसत होता. आम्ही बायका तोंडं उघडी टाकून बघत होतो.

तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी पोळी पाहिली नाही. हात पाहिले.

"हात धुतले का?"

"धुयेल शेतस," धुरपाबाई म्हणाल्या.

"साबणाने?"

धुरपाबाईंच्या हातांवर पोळी होती.

"माझ्यासमोर धुवा. दोनशे माणूस जेवणार आहे. तुमच्या वस्तीत काय चालतं ते मला ठाऊक नाही."

हात धुवायला सांगणं हा अक्कांचा श्वास होता, ते कुणाला लागलं नसतं. पण वस्तीचा शब्द लागला. धुरपाबाईंनी हातावरची ती तयार पोळी पुन्हा गोळा केली, परातीत ठेवली, वरून ओलं फडकं झाकलं. नळाशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि अक्कांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुन्हा सामने धुयात. आते तूच रांध."

तुझ्यासमोर धुतले, आता तूच रांध, एवढं बोलून त्या निघून गेल्या. मागे धावत गेलेल्या बायकांना त्यांनी वळूनही पाहिलं नाही. लग्नात पाहुण्यांनी आचाऱ्याचा शिरा खाल्ला. मांडवात सगळ्यांना सगळं कळलं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी अक्का एसटीने शिंदखेड्याला गेल्या. परत आल्या त्या भिंतीशी न थांबता सरळ घरात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भाकरीचं ताट त्यांच्यापुढे आलं तेव्हा त्यांनी ते तसंच पुढे सरकवलं. हे मला पाळकसाहेबांच्या बायकोने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज असा होता की जणू कुणी वारलंय. अक्का पहिल्या बाकावर बसायच्या. पहिल्या बाकावरून न घेतलेली भाकर सगळ्या मंडळीला दिसते.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पाळकसाहेब घरी येऊन गेले. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"अक्का, तुम्ही मागितलीत. तुमचं काम संपलं. ती देत नाही हा तिचा प्रश्न."

"हिरालालने विचारलं असतं तर मीही त्याला हेच सांगितलं असतं," अक्का म्हणाल्या. "पण साहेब, तसं असतं तर माझ्या घशाखाली घास उतरला असता."

त्यांचा घास खरंच उतरत नव्हता. तोंड उतरलं होतं. ज्या बाईला आयुष्यभर प्रभुभोजनाच्या टेबलाशी जागा होती, तिला आता दर महिन्याला तिथून उपाशी उठावं लागत होतं, आणि हे दुःख काय असतं ते माझ्यासारख्या बाहेरच्या बाईलाही दिसत होतं. पुढच्या खेपेला त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर या वेळी भांडून येईन."

धुरपाबाईंचं घर गावाच्या कडेला. ओट्यावर त्या मटकी निवडत बसल्या होत्या. अक्का समोर जाऊन उभ्या राहिल्या. मान ताठ, हात जोडलेले.

"मी तुम्हाला चारचौघांत उर्मटपणे बोलले. तुमच्या वस्तीचा उद्धार केला. मला क्षमा करा."

धुरपाबाईंनी मला बसायला पोतं सरकवलं. अक्कांकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "तू मन्हासाठे नही वनी, बाई. तुन्हा रविवारसाठे वनी."

माझ्यासाठी नाही, रविवारसाठी आलीस, हे ऐकून अक्का काहीतरी बोलायला गेल्या.

"दर महिनाले येस, हुभी ऱ्हास, क्षमा कर म्हनस. माफी मांगाले येस का वसूल कराले? मन्हं घर कसं शे, मन्हं पोरगं काय करस, कधी पूसं का तू माले?"

मला वाटलं, आता स्फोट होणार. अक्कांच्या मानेची शीर मी ओळखून होते. पण अक्का तशाच उभ्या राहिल्या आणि मग एकाएकी खाली बसल्या. ओट्याच्या खाली, मातीत, खळ घातलेल्या पांढऱ्या साडीनिशी. क्षमा मागायला गेलेल्या अक्कांना मी पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. धुरपाबाई मटकी निवडत राहिल्या. उठताना अक्का एवढंच म्हणाल्या, "खरं बोललात."

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. दोन्ही बाजूंनी कपाशीची शेतं मागे पळत होती. धुळं जवळ आल्यावर त्या बोलल्या.

"मला वाटायचं, मी दर महिन्याला वाकते. अगं, मी तर माझं वाकणं गल्लीभर मिरवत फिरत होते. लोकांकडून पावती घेऊन देवाला दाखवत होते. बघ, एस्तेरचा हिशोब चोख. त्याला काय माझ्या हिशोबाची पडलीय?"

मी म्हटलं, "अक्का, इतकं नका लावून घेऊ."

"लावून नाही घेत. सुटल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि खरंच, त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. "मी त्याला म्हटलं आत्ता, माझ्याने होत नाही. माझी मान मला वाकवता येत नाही. आता तूच बघ."

'देव बघेल' म्हणणाऱ्यांवर खेकसणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकताना मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी काढून घेतला नाही. "एसटीच्या दांड्याला हात लावलेत ना? घरी गेल्यावर धू," एवढं मात्र म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात शनिवारी फेरा निघाला नाही. हिरालाल बेचैन. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, या महिनामा अक्का भांडनीच नही. काही चुकनं का मन्हं?" त्याला लोणचं मिळालं, पण मधल्याच एका मंगळवारी, कुठल्याही भांडणाशिवाय. त्याची बायको आजारी होती आणि हे अक्कांना कळलं होतं. लोणचं हातात घेऊन तो बावळटासारखा उभा राहिला. चर्चमध्ये अक्का शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. भाकर अजून घेत नव्हत्या.

शिंदखेड्याला मात्र जात राहिल्या. कधीही, कुठल्याही वारी. क्षमेचा शब्द काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "द्यायची तेव्हा देईल. नाही दिली तरी तिची भाजी निवडून द्यायला माझं काय जातं?" मग एके दिवशी भिंतीशी येऊन त्या पोट धरून हसत सुटल्या. धुरपाबाईंनी त्यांना मांड्यांची कणीक तिंबायला बसवलं होतं. त्याआधी नळाकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "हात धुई ले." अक्कांनी धुतले. कणीक अशी काही तिंबली की धुरपाबाईंनी ती परात गाईपुढे नेऊन ठेवली. "आणि ठाऊक आहे," अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "मला राग आला नाही. शोधून पाहिला मी. नव्हताच."

त्यांचं हे हसू मी विसरणार नाही. ताठ मानेची बाई हसताना पार कमरेत वाकली होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण डोक्यात सगळं लख्ख होतं. खाटेवरूनसुद्धा त्या येणाऱ्याला डोळ्यांनी नळाकडे पिटाळायच्या. भाचा आणि सूनबाई येऊन राहिले. पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी घरी भाकर घेऊन येतात, तसे ते आले. अक्कांनी डाव्या हाताने नाही म्हटलं. पुढच्या खेपेला आले, तेव्हाही नाही. साहेब हळवे माणूस. ओसरीवर येऊन मला म्हणाले, "बाई, ही अशीच उपाशी गेली तर मी काय करू?" मला एवढंच दिसत होतं की अक्का घाबरलेल्या नव्हत्या. ज्याला 'तू बघ' म्हणून सांगितलंय त्याची वाट बघत त्या पडून होत्या.

नोकरीत माझी बदली जळगावला झाली. सामान बांधून झालं होतं आणि निरोप घ्यायला मी अक्कांकडे गेले. रविवारची दुपार होती. पाळकसाहेब खुर्चीत बसले होते, मांडीवर भाकरीची छोटी डबी. अक्कांचे डोळे मिटलेले. फाटक वाजलं. पाहते तर धुरपाबाई. एकट्या, हातात फडक्यात बांधलेले मांडे, एसटीच्या धुळीने केस पिंगट झालेले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. फाटकातून सरळ नळाशी गेल्या. मोज्यातला साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, अक्कांना दारातून दिसतील असे. अक्कांनी डोळे उघडले होते.

मग धुरपाबाईंनी माझ्याकडे तांब्या आणि घमेलं मागितलं. खाटेच्या कडेला बसल्या आणि अक्कांचा उजवा हात, तो मेलेला, आपल्या मांडीवर घेतला. त्यावर पाणी घातलं. साबण लावला. एकेक बोट, नखांच्या कडा, तळवा. मग डावा हात. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. पाळकसाहेब डबी हातात धरून उभे राहिले होते. धुरपाबाईंनी दोन्ही हात आपल्या पदराला कोरडे केले आणि खाटेवर नीट ठेवले.

"धुयात," त्या म्हणाल्या. "आते खाई ले."

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. अक्कांनी धुरपाबाईंकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि घास घेतला. 'क्षमा केली म्हणा' असं काही त्या म्हणाल्या नाहीत.